फ्लॅश हलतोय? आधी हॉट-शू बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नं आणि जत्रांच्या कामाला नवीन लागलेल्यांचा सगळा जीव लेन्समध्ये असतो. मार खातो मात्र फ्लॅशचा फूट, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या हॉट-शूमध्ये, फ्लॅश बसवायच्या खाचेत, सरकणारा तळ. सेलसकट फ्लॅश अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. वरातीत त्याला कुणाचा कोपर लागला की सगळा ताण त्या इंचभर तुकड्यावर. उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स वर लावला असेल तर विचारूच नका.

फूट प्लास्टिकचा म्हणून नाक मुरडू नका. तो मोडला तर नवा बसवून भागतं. धातूचा फूट टिकतो खरा, पण मग जोराचा धक्का कॅमेऱ्याच्या वरच्या कव्हरवर जातो आणि तो खर्च भारी पडतो.

बसवताना कॅमेरा, फ्लॅश दोन्ही बंद. लॉक पूर्ण सैल करून मागून पुढे टेकेपर्यंत सरकवा, मगच लॉक करा. लॉक न सोडता ओढलं की खालची पिन वाकते. फ्लॅशला धरून कॅमेरा उचलायचा नाही, आणि गाडीवर बसण्याआधी फ्लॅश बॅगेत.

दर कामाआधी फ्लॅश दोन बोटांनी हलवून बघा. हॉट-शूची पट्टीच हलत असेल तर बहुधा तिचे स्क्रू ढिले झालेत; बऱ्याच मॉडेलांत ते पातळ स्प्रिंगपत्र्याखाली लपलेले असतात. माप चुकलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात. पट्टी घट्ट आणि फूट तेवढा डुलतोय, तर लॉक किंवा फूट झिजलाय. फूट बदलायला फ्लॅश घरी उघडू नका: आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 300 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो टिकून राहतो.

चिंचलीच्या मायक्का जत्रेत भंडारा उधळतात. ती पूड घामाच्या हातांनी कॉन्टॅक्टवर, म्हणजे फ्लॅश आणि कॅमेरा जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यांवर, बसली की फ्लॅश मध्येच पडतो, मध्येच नाही. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा फिरवा. तोंडाने फुंकर नको, ओल जाते. पॉलिश पेपर तर नकोच, वरचा मुलामा निघतो.

मॅन्युअलवर फ्लॅश पडतो पण टीटीएलवर (कॅमेराच उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो तो मोड) गडबड करतो, तेव्हा संशय बारक्या कॉन्टॅक्टवर घ्या. कॅनन 1500डी आणि 200डी मार्क टू वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: त्यांच्या हॉट-शूला मधला मोठा कॉन्टॅक्ट मुळातच नाही. एका पिनचा स्वस्त ट्रिगर (लांबचा फ्लॅश पाडणारं यंत्र) त्यावर चालत नाही, आणि दुकानदार कॅमेराच बिघडलाय म्हणाला तरी दुरुस्तीला टाकू नका.