एक्स-विंगमध्ये सारखे हरताय? फाशांना दोष देण्याआधी या चुका टाळा

स्टार वॉर्सचा एक्स-विंग हा मिनिएचर (छोट्या मॉडेल जहाजांचा) गेम शिकायला आमच्या रविवारच्या टेबलावर नवीन पोरं येत असतात, आणि हरल्यावर दहातल्या नऊ जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आज फासेच लागले नाहीत." हे ऐकून ऐकून कान किटले. या गेममध्ये फासे सगळ्यात शेवटी येतात हो. त्याच्या आधी तुम्ही गुपचूप डायल (जहाज कुठे आणि किती जाणार ते ठरवायची चकती) लावलेली असते, आणि हरजीत बऱ्यापैकी तिथेच ठरून गेलेली असते.

साधा हिशोब बघा. लाल, म्हणजे हल्ल्याच्या फाशाला आठ बाजू, त्यात ३ हिट (मार), १ क्रिट (जबर मार), २ फोकस आणि २ कोऱ्या. फोकस टोकन (फोकसच्या बाजू कामाला लावणारी सोंगटी) नसेल तर ८ पैकी ४ बाजू कामाच्या, असेल तर ६. हिरव्या, म्हणजे बचावाच्या फाशावर ३ इव्हेड (मार चुकवणं), २ फोकस, ३ कोऱ्या, म्हणजे टोकन असलं की ३ च्या ५ होतात. आणि हे टोकन मिळतं ॲक्शन (चाल झाल्यावर जहाजाला मिळणारी एक कृती) घेतल्यावर. तुमचं जहाज बोर्डावरच्या दगडावर (लघुग्रहावर) चढलं, दुसऱ्या जहाजाला धडकलं किंवा त्याच्यावर स्ट्रेस (अवघड चालीचा ताण) असला की ॲक्शन गेली, आणि मग फासे "लागत नाहीत". यातलं एकही फाशांमुळे होत नाही, सगळं डायलमुळे होतं. (मी २०१८च्या सेकंड एडिशनचे नियम धरून बोलतोय, आम्ही तेच खेळतो.)

आता माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. डावं-उजवं.

जहाजाचं तोंड समोर असतं तोपर्यंत सगळं सोपं वाटतं, पण जहाज बोर्डाच्या पलीकडून वळून तुमच्याकडे यायला लागलं की त्याचं डावं म्हणजे तुमचं उजवं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी डायल लावताना विसरतात. आमच्याकडे एक पोरगा आला होता, हुशार, नियम पाठ करून आलेला, त्याने ल्यूक या पायलटचं एक्स-विंग घेतलेलं. समोरच्याची टाय फायटर्स (छोटी लढाऊ जहाजं) कमी इनिशिएटिव्हची (कोण कधी हलणार ते ठरवणारा आकडा), म्हणून ती आधी हलली आणि दोन जहाजं बरोबर त्याला हवी तिथे येऊन थांबली. ल्यूक ५ चा, म्हणजे शेवटी हलणार आणि पहिली गोळी त्याचीच. पोरगा खुर्चीतून उठलाच. डायल उलटी केली तर वळण डावीकडचं! त्याला स्वतःच्या डाव्या हाताकडे जायचं होतं आणि जहाजाचं तोंड होतं त्याच्याकडे. टेम्प्लेट (चाल मोजायची पट्टी) लावलं तर ल्यूक दुसऱ्या बाजूला वळून थेट लघुग्रहावर. डॅमेजसाठी फासा टाकावा लागला, ॲक्शन गेली, दगडावर असताना गोळीही मारता येत नाही, आणि पाठीमागे दोन टाय मोकळ्या. एका राउंडमध्ये गेम संपला, आणि तो मला म्हणतो, "हिरवे फासे बघा ना, सगळे कोरे आले." अरे, हिरव्या फाशांवर वेळ आलीच का?

माझी सवय सांगतो. मी डायल हातात धरतो ती जहाजाचं नाक जिकडे आहे तिकडेच वरची बाजू करून, त्यासाठी मान वाकडी करावी लागली तरी चालेल, आणि गरज पडली तर सरळ उठून जहाजाच्या मागे जाऊन उभा राहतो. लोकांना उठायची लाज वाटते, काय तर म्हणे समोरच्याला कळेल. कळू दे की. तुम्ही उठलात एवढंच कळेल, डायल नाही दिसणार. आणि डायल उघडल्यावर "अरे मला दुसरीकडे म्हणायचं होतं" हे पहिल्या गेमला मी चालवून घेतो, दुसऱ्यापासून नाही. बदलू दिलं की माणूस बघायला शिकतच नाही.

दुसरी चूक, स्वतःच्याच जहाजांना धडकणं. टाय फायटर्सचा थवा दिसतो भारी, एकाला हल्ल्याचे फक्त २ फासे, हल (जहाज किती मार झेलतं) ३, शील्ड (वरचं जास्तीचं कवच) शून्य, म्हणजे एकटी टाय काही कामाची नाही, सगळ्या मिळून एकावर तुटून पडल्या तरच मजा. म्हणून नवीन माणूस चार टाय चिकटून ठेवतो आणि पुढच्या दोघींना दोन-स्पीड सरळ, मागच्या दोघींना तीन-स्पीड सरळ लावतो, का तर मागच्यांना "पोचायचं" असतं. पोचतात ना, पुढच्यांच्या अंगावर. जागा नसली की जहाज टेम्प्लेटवरून मागे मागे घेत टेकेल तिथे थांबवायचं आणि ॲक्शन नाही. चारातल्या दोघी फोकसशिवाय, आणि हे शत्रूने एकही गोळी न मारता!

यावर लोक मला फॉर्मेशनचा चार्ट मागतात. असे चार्ट इंटरनेटवर आहेत, पण मी देत नाही, कारण चार्ट पाठ करणारा माणूस पहिला दगड आडवा आला की गडबडतो. त्याऐवजी घरी टेम्प्लेटं घेऊन बसा. छोट्या बेसची (जहाजाखालच्या चौकोनी तळाची) एक बाजू ४ सेंटिमीटर आणि एक-स्पीडच्या सरळ टेम्प्लेटची लांबीही तेवढीच. म्हणजे दोन-स्पीड सरळ गेलं की जहाज स्वतःच्या तीन बेसएवढं पुढे सरकतं, तीन-स्पीडला चार बेस. वरच्या टाय का धडकल्या ते आता तुम्हीच मोजा. खेळताना डायल लावायच्या आधी टेम्प्लेट ठेवून बघता येत नाही, नजरच तयार लागते, आणि नजर ही एका संध्याकाळी होत नाही. ज्यांना पहिल्याच रविवारी जिंकायचं असतं त्यांना हे पटत नाही, पण खरं हेच आहे. आणि एकाच इनिशिएटिव्हची जहाजं असतील तर क्रम तुमच्या हातात असतो, पुढचं आधी हलवा.

स्ट्रेसचं थोडक्यात. के-टर्न (पुढे जाऊन उलटं तोंड करायची चाल) मारला की स्ट्रेस येतो, त्यावर पुढच्या राउंडला पुन्हा लाल चाल (डायलवरची अवघड चाल) लावली तर ती होतच नाही, त्याऐवजी जहाज दोन-स्पीड सरळ जातं, मग समोर दगड असो नाहीतर बोर्डाची कड. कडेबाहेर गेलं की जहाज बाद. के-टर्न नंतर निळी चाल (स्ट्रेस उतरवणारी सोपी चाल), हे हाताला लावून घ्या.

पहिल्या राउंडला पाच-स्पीडने सुसाट पुढे जाऊ नका. बोर्ड तीन फूट बाय तीन फूट आहे, शत्रू कुठे पळून जात नाही, आणि जे जहाज एकटं पुढे जातं त्याच्यावर समोरचे सगळे मिळून गोळ्या मारतात.

रेंज (नेमाचं अंतर) १ ला, म्हणजे जवळून, हल्ल्याचा एक फासा जास्त, रेंज ३ ला, म्हणजे लांबून, बचावाचा एक जास्त, मध्ये दगड असेल तर बचावाचा अजून एक. विसरलात तर समोरच्याने आठवण करून द्यावी, आमच्याकडे देतात.

आता पैशाची चूक. हा गेम फँटसी फ्लाइट कंपनीने २०१२ ला आणला, २०१८ ला सेकंड एडिशन आली, आणि जुन्या डब्यातल्या डायल आणि कार्ड नवीन नियमांत चालत नाहीत. जहाजाचं प्लास्टिक चालतं, बाकीच्यासाठी कन्व्हर्जन किट (नवीन डायल-कार्डांचा संच) लागायचं. पुढे गेम ॲटॉमिक मास गेम्स या कंपनीकडे गेला, जहाजं निवडायच्या पॉइंटची पद्धत पुन्हा बदलली (१०० चे २०० झाले होते, २०० चे २०) आणि २०२४ मध्ये त्यांनी नवीन काही काढणं थांबवलं. आता खेळाडूच एकमेकांना धरून गेम चालवतायत आणि माल सेकंडहँड फिरतो. आमच्यातल्या एकाने ऑनलाइन मोठा लॉट घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून खूश, डबा उघडला तर सगळं फर्स्ट एडिशन. जहाजं इतकी सुंदर आणि एकही डायल उपयोगाची नाही, किट शोधण्यात त्याचे बरेच महिने गेले. म्हणून विकणाऱ्याकडून डायल आणि कार्डांचे फोटो मागा, नुसत्या जहाजांचे नको. आणि त्याच्याही आधी, तुमच्या आसपासची मंडळी कुठल्या नियमांनी खेळतात ते विचारा. उसन्या जहाजांवर थोडे गेम खेळून मग खरेदी करा, आमच्याकडे उसनी द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

शेवटचं, हात. कॅरममध्ये सोंगटी हाताने सरकली तर आपण आरडाओरडा करतो, इथे टेम्प्लेट लावताना जहाज पाव इंच सरकलं तर कोणी बोलत नाही, आणि पाव इंचात रेंज २ ची ३ होते. एका हाताच्या दोन बोटांनी बेस दाबून धरा, दुसऱ्या हाताने टेम्प्लेट खाचेत बसवा. काचेच्या टेबलावर खेळू नका, मॅट नसेल तर जाड सुती चादर ताणून अंथरा. आणि जहाज उचलताना बेस धरून उचला, वरचं जहाज धरून नाही, ती पारदर्शक दांडी तिथेच तुटते आणि आता सुटी मिळणं अवघड झालंय.