बंदच्या आधी भरायची पिशवी

शहरात बंदची कुणकुण लागली की आपण दूध आणि भाजी आणून ठेवतो. गोळ्या आठवतात त्या मेडिकलचं शटर अर्धं खाली आल्यावर. दगडफेकीत डोकं फुटलेल्याला कुणी ना कुणी उचलून सिव्हिलला नेतं. अडकतात ते डायलिसिसवाले, दिवस भरलेल्या बायका आणि साखर-बीपीवाली घरची म्हातारी माणसं. ही यादी त्यांच्यासाठीच.

रोजच्या गोळ्या आठवडाभराच्या शिलकीत असाव्यात. हातावर पोट असलेल्या विडी कामगार बाईला हे जड जातं, पण निदान फिट्सच्या आणि टीबीच्या गोळ्यांत खंड नको. टीबीच्या तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. इन्शुलिनची चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, मात्र सोलापूरच्या मे महिन्यात नाही. फ्रीज नसेल किंवा लाइट गेली, तर बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून डबी माठात सोडा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्शुलिन फेकावंच लागतं.

डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असतं. पाळी चुकेल असं दिसलं तर आदल्या दिवशीच सेंटरला फोन करून ती अलीकडे घ्या. तोवर पाणी मोजून प्यायचं. केळं, नारळपाणी बंद, कारण पोटॅशियम वाढलं की हृदयच थांबू शकतं. या दुखण्यात वाट बघणं परवडत नाही.

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या लांबच्या भागात दिवस भरलेली बाई असेल, तर तिला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आधीच हलवा. 108 ला फोन करताना घराजवळची ठळक खूण सांगा आणि कोपऱ्यावर एक माणूस उभा करा. संचारबंदीत नाक्यावर दाखवायला केसपेपर हातात ठेवा. नेट बंद झालं की यूपीआयही गेलं, म्हणून थोडी रोकड, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर.

जखम वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हळद-चहापूड नको. ‘पोलीस केस आहे, आधी कागद आणा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका: आधी उपचार, मग कागद, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय.

पेशंटसोबत दोघंच जा. गल्लीच्या गल्ली कॅज्युअल्टीत शिरली की डॉक्टर-सिस्टरना हात चालवायला जागा उरत नाही. तिथे हात उगारला तर 2010 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाकीच्यांनी रस्ते निवळल्यावर रक्त द्यायला रक्तपेढीत जावं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पाचच दिवस टिकतात, आणि बंदमध्ये रक्तदान शिबिरं आधी रद्द होतात.