लांब पल्ल्यासाठी दोन टूरिंग बाईकपैकी एक कशी निवडायची

दोन बाईकवर येऊन गाडी अडते, बऱ्याच जणांचं हेच होतं. मग सीसी, पॉवर, टॉर्कचे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात, कंपॅरिजनचे व्हिडिओ बघून डोळे दुखायला लागतात आणि तरी ठरत नाही, कारण चौथ्या तासाला तुमच्या कंबरेचं काय होणार हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. खाली उदाहरणाला रॉयल एनफिल्डच्याच दोन गाड्या घेतो, सुपर मीटिओर ६५० (ही क्रूझर, पुढे नुसतं मीटिओर म्हणतो) आणि हिमालयन ४५० (ही ॲडव्हेंचर टाईप), म्हणजे ब्रँडवरून वाद नको. तुमच्या मनात दुसरी जोडी असली तरी पद्धत तीच.

१. आधी स्वतःची राईड लिहून काढा

बाईक नंतर. दिवसाला साधारण किती किलोमीटर, सरळ हायवे की तुटके रस्ते आणि घाट, एकटे की मागे कोणी, सामान किती, एवढं कागदावर उतरवा. आणि खरं लिहा हां, वर्षातून एकदाच होईल की नाही अशा स्वप्नातल्या मोहिमेसाठी गाडी घेऊन वर्षभर दुसऱ्याच रस्त्यावर चालवणारे खूप आहेत.

२. बसून बघा, पण नीट

सीट, फूटपेग (पाय ठेवायच्या खुंट्या) आणि हँडल या तीन जागांचा जो त्रिकोण होतो ना, आरामाचा अर्धा हिशोब तिथेच होतो. क्रूझरवर पाय पुढे जातात, बसल्याबसल्या एकदम सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, पण पाय पुढे गेले की शरीराचं वजन पायावर घेता येत नाही, सगळं माकडहाडावर येतं आणि खड्डा आला की तो थेट मणक्यात जातो. ॲडव्हेंचर टाईप गाडीत फूटपेग अंगाखाली असतात, त्यामुळे खड्ड्यात जरा उठता येतं, अधूनमधून उभं राहून पाय मोकळे करता येतात, पण गुडघे जास्त दुमडले जातात आणि उंच माणसाला तेच नडतं.

सुपर मीटिओरची सीट ७४० मिमीवर, हिमालयनची ८२५ मिमीवर आणि ती ८४५ पर्यंत वाढवता येते. उंची कमी असेल तर पहिलीवर दोन्ही पाय आरामात टेकतात. पण फक्त पाय टेकण्यावरून निर्णय नको, पाय टेकवायचे दिवसातून काही वेळा आणि बसायचं दिवसभर.

शोरूममध्ये दोन मिनिटं बसून उठू नका. सेल्समनला सांगून गाडी मेन स्टँडवर किंवा कोणाला तरी सरळ धरायला लावून वीसेक मिनिटं हलू नका, मनगट, खांदे, मान, मांडीच्या मागची बाजू, कुठे काय बोलतंय ते बघा. बोट दाबल्यावर मऊ लागणारी सीट चांगलीच असते असं अजिबात नाही, फार मऊ फोम तासाभरात दबून खालच्या कडक बेसला टेकतो, त्यापेक्षा थोडी टणक आणि रुंद सीट परवडते.

३. टेस्ट राईड तुमच्या स्पीडला घ्या

ब्लॉकला चक्कर मारून काही कळत नाही. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तुमच्याच हेल्मेटमध्ये चालवा. टेस्ट राईड छोटीच मिळत असेल तर एक दिवसासाठी भाड्याने घ्या.

पहिलं बघायचं ते वारं. स्पीड दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, म्हणून ६० ला जी गाडी मस्त वाटली ती १०० ला दमवू शकते. मोठी काच म्हणजे आराम हा पण एक गैरसमजच, काचेच्या वरच्या कडेवरून फुटलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळत असेल तर डोकं थरथरत राहतं आणि मान धरते. मोकळ्या रस्त्यावर चालता चालता सीटवरून किंचित उंच व्हा, आवाज आणि थरथर कमी झाली तर तुमच्यासाठी ती काच चुकीच्या उंचीची आहे, अशा वेळी कधीकधी छोटी काच जास्त बरी पडते. मीटिओरच्या सेलेस्टियल व्हेरिएंटला मोठी काच आणि मागे पाठ टेकायला बॅकरेस्ट येतो, हिमालयनला छोटी काच असते.

दुसरं व्हायब्रेशन. मीटिओरचं इंजिन दोन सिलेंडरचं, ६४८ सीसी, हिमालयनचं एक सिलेंडर, ४५२ सीसी आणि पूर्ण पॉवर ८००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेतं तेव्हा. ज्या स्पीडला तुम्ही तासन्‌तास चालणार त्या स्पीडला टॉप गिअरमध्ये थोडा वेळ स्थिर चालवा, बोटांना मुंग्या येतात का, फूटपेग झिणझिणतात का, आरशात मागची गाडी ओळखू येते का.

तिसरं सस्पेन्शन. हिमालयनला पुढेमागे २०० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वरखाली होऊ शकतं, मीटिओरला पुढे १२० आणि मागे १०१. गुळगुळीत हायवेवर हा फरक फारसा जाणवत नाही, रस्ता तुटला की लगेच जाणवतो.

४. इंजिन बंद करून ढकला

वजन कागदावर मीटिओरचं २४१ किलो आणि हिमालयनचं १९६ किलो. हा ४५ किलोचा फरक चालताना विसरायला होतो, पण उतारावर पार्क केलेली गाडी मागे घेताना, वर सामान लादलेलं असताना आणि आपण दमलेले असताना तो बरोबर आठवतो.

५. टाकीचं गणित

मायलेज लिटरला २५ धरलं तर मीटिओरची १५.७ लिटरची टाकी साधारण ३९० किमी, हिमालयनची १७ लिटरची ४२५. शेवटचे दोन लिटर हिशोबात धरू नका. तसंही त्याच्या खूप आधी तुम्हाला उतरावंसं वाटणार आहे, त्यामुळे इथे फार डोकं लावायची गरज नाही.

६. मागे बसणाऱ्याला विचारा

नुसतं विचारू नका, बसवून चालवा. पिलियनची सीट अरुंद असेल, पाय फार वर येत असतील तर तासातासाला थांबावं लागेल. दोघं बसल्यावर मागचं प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ठेवायची ती सेटिंग) वाढवून बघा, नाहीतर सस्पेन्शन खाली बसतं आणि चांगली गाडीपण वाईट वाटते.

७. आता बदलता न येणाऱ्या गोष्टींवर ठरवा

सगळ्या मुद्द्यांना सारखे मार्क देऊन बेरीज करत बसू नका. दोन रकाने करा. सीट, काच, हँडलची उंची वाढवणारे रायझर, बॅगा, हे सगळं नंतर बदलता येतं. वजन, इंजिनचा स्वभाव, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल आणि फूटपेगची जागा सहजासहजी बदलत नाही. समजा मीटिओर सगळ्यात आवडली पण कंबर दुखली, तर ते सीटमुळे की पाय पुढे असल्यामुळे हे आधी शोधा. सीटमुळे असेल तर घ्या आणि सीट बदला. पायामुळे असेल तर ती सोडा, मग कितीही देखणी असू दे. आणि हे ठरवायच्या आधी एक रात्र जाऊ द्या, कारण खरी दुखणी टेस्ट राईडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळतात.