किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन: मॉर्बिलीव्हायरससाठी नमुने कसे घ्यायचे

शेळ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि माणसांचा गोवर ज्या मॉर्बिलीव्हायरस घराण्यातले, त्याच घराण्यातला एक विषाणू व्हेल-डॉल्फिनना होतो. १९८८ मध्ये तो आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या पॉरपॉइजमध्ये (डॉल्फिनच्या छोट्या भाईबंदांत) सापडला. १९९० मध्ये स्पेनच्या वलेन्सियापासून सुरू झालेल्या साथीत भूमध्य समुद्रातले पट्टेरी डॉल्फिन हजारांनी मेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१३ ते २०१५ या काळात दीड हजाराहून जास्त बॉटलनोज डॉल्फिन किनाऱ्याला लागले. या साथी नीट कळल्या, कारण मेलेल्या प्राण्याचे योग्य अवयव योग्य वेळेत बर्फावर गेले. कोकण किनाऱ्यावर हे काम पशुवैद्यकाच्या वाट्याला येतं ते बहुधा अचानक, फोन आल्यावर. त्यासाठी हे टिपण.

आधी परवानगी. डॉल्फिन, पॉरपॉइज आणि व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वन विभागाला कळवल्याशिवाय सुरी लावू नका. महाराष्ट्रात १९२६ वर फोन करता येतो. नमुने आणि फोटो सोडून दात, हाड, काहीही बरोबर न्यायचं नाही.

डॉल्फिनचा मॉर्बिलीव्हायरस माणसाला झाल्याची नोंद नाही, पण त्याच शरीरात ब्रुसेला (माणसालाही होणारा जिवाणू) असू शकतो, आणि २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या एका डॉल्फिनमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूही सापडला आहे. म्हणून दुहेरी हातमोजे, एन-९५ मास्क, गॉगल, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट. गर्दी आणि भटकी कुत्री लांब ठेवा.

पहिला निर्णय प्रेताच्या अवस्थेचा. जिवंत असेल तर कोड १. कातडी चकचकीत, डोळा शाबूत, पोट फुगलेलं नाही, तर कोड २. सगळे नमुने घ्या. पोट फुगलंय, जीभ बाहेर आलीय, कातडी सोलतेय, तर कोड ३; पीसीआरला (विषाणूचं जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, शोधणाऱ्या चाचणीला) अजून संधी आहे, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कमी दिसेल. कोड ४ म्हणजे आतले अवयव लगदा झालेले. तिथे फक्त मेंदू आणि फुफ्फुस घ्या. ब्लबरमुळे (कातडीखालच्या चरबीच्या जाड थरामुळे) आतली उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे बाहेरून ताजा दिसणारा प्राणी आतून शिजलेला असू शकतो. पथक पोहोचेपर्यंत सावली, ओली पोती आणि बर्फ. अख्खं प्रेत डीप फ्रीझरमध्ये टाकू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि ऊतींची तपासणी हातची जाते.

लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, अंगाच्या वळणावरून नाही. जाळ्याच्या खुणा, कातडीवर गोंदल्यासारखे गडद ठिपकेदार वळसे (हे पॉक्सविषाणूचं काम असू शकतं) आणि पक्ष्यांच्या चोचीच्या जखमा, प्रत्येकाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून.

कापाकापी स्वच्छ अवयवांकडून घाणेरड्या अवयवांकडे. प्रथम श्वासछिद्रात कृत्रिम धाग्याचा, प्लास्टिकच्या काडीचा स्वॅब फिरवून वाहक द्रावणात टाका. मग प्राणी उजव्या कुशीवर ठेवून डावी बाजू उघडा: हृदयातलं रक्त, फुफ्फुस, लसिका गाठी, प्लीहा, मूत्रपिंड, मूत्राशय. आतडी शेवटी. प्रत्येक अवयवाला नवं पातं. हत्यारं परत वापरायचीच असतील तर साबण, मग १० टक्के ब्लीच, मग स्वच्छ पाणी; नुसत्या अल्कोहोलने आरएनए जात नाही आणि पुढचा नमुना खोटा पॉझिटिव्ह येतो.

डॉल्फिनच्या फुफ्फुसाला आपल्यासारखे खंड नसतात. प्रत्येक बाजूची किमान तीन ठिकाणं घ्या, त्यातलं एक घट्ट झालेला भाग आणि चांगला भाग यांच्या सीमेवरचं. तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून पाहा: निरोगी फुफ्फुस तरंगतं, घट्ट झालेलं बुडतं. फुफ्फुसाच्या खालच्या कडेला चिकटलेली लसिका गाठ विसरली जाते. ती हवीच, कारण हा विषाणू लसिकापेशींवरच तुटून पडतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती कोसळते आणि मागून बुरशी, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येतात. फुफ्फुसात बुरशी दिसली की तपासणारा तिथेच थांबतो. थांबू नका.

आता मेंदू. हा अवयव सोडला तर बाकी मेहनत वाया जाऊ शकते. आजार जुना झाला की विषाणू इतर अवयवांतून नाहीसा होतो आणि फक्त मेंदूत उरतो. फुफ्फुस निगेटिव्ह, मेंदू पॉझिटिव्ह, असं भूमध्य समुद्रातल्या पट्टेरी डॉल्फिनमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मानेच्या पहिल्या मणक्याशी डोकं वेगळं करा, मांस काढा, करवतीने कवटीचं छत उचला. अनेक डॉल्फिनमध्ये मोठ्या आणि छोट्या मेंदूमधला पडदा हाडाचा असतो. तो न तोडता ओढलात तर मेंदू फाटतो. करवत नसेल तर रेबीजसाठी गाईचा घेता तसा, कवटीच्या मागच्या छिद्रातून लांब चमच्याने मेंदूचा बुंधा आणि जमेल तेवढा छोटा मेंदू घ्या. अख्खा मिळाला तर उभा चिरून अर्धा फॉर्मेलिनमध्ये, अर्धा थंडीत.

प्रत्येक अवयवाचे दोन संच. पहिला १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये: बाजारातलं फॉर्मेलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. तुकडे १ सेंमीपेक्षा जाड नकोत, द्रावण ऊतीच्या दहापट. दुसरा संच पीसीआरसाठी: आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात अर्ध्या सेंमीचे तुकडे, द्रावण पाचपट, एक रात्र ४ अंशांवर, मग उणे ८०. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर हा सापळा आहे, तो स्वतःच गरम-थंड होत राहतो. तालुक्याच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचं कंटेनर असतं. वेगळं रिकामं कंटेनर मिळालं तर ते उत्तम. स्क्रू झाकणाच्या क्रायोट्यूबच वापरा आणि त्या वाफेत लटकवा. द्रव आत शिरला तर बाहेर काढताना ट्यूब फुटते. फॉर्मेलिनच्या बरण्या आणि हा संच एका खोक्यात ठेवू नका. लेबल पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका, मार्करची शाई अल्कोहोलने जाते.

प्रयोगशाळेला आधी फोन करून एक प्रश्न विचारा: सगळ्या मॉर्बिलीव्हायरसना पकडणारे प्रायमर (पीसीआरमध्ये विषाणू हेरणारे छोटे जनुकीय तुकडे) आहेत का? पीपीआरपुरतं बनवलेलं किट लावून डॉल्फिनचा निगेटिव्ह निकाल काढणं निरर्थक आहे. सोबत डॉल्फिनच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची चाचणी मागा. तीही निगेटिव्ह आली तर आरएनए सडलाय, प्राणी निरोगी ठरत नाही. उलट, पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे मृत्यूचं कारण सापडलं असंही नाही. फुफ्फुसात अनेक केंद्रकांच्या एकत्र झालेल्या पेशी आणि गुलाबी समावेशपिंड (विषाणूमुळे पेशीत दिसणारे गोळे), मेंदूत पू नसलेली सूज, असं दिसलं तरच तसा अहवाल लिहा. जाळ्यात गुदमरलेल्या प्राण्यातही विषाणू असू शकतो.

प्राणी जिवंत असेल, तोल जातोय किंवा झटके येतायत, तर त्याला परत समुद्रात ढकलू नका. कळपाला लागण होईल. अंग ओलं ठेवा, श्वासछिद्र मोकळं ठेवा, त्याच्या समोर तोंड नेऊ नका.

उरलेलं धड भरतीच्या रेषेच्या वर, दोन मीटर खोल पुरा आणि जागेचे जीपीएस आकडे अहवालात टाका. मेंदूचा निकाल येईपर्यंत दोन्ही संचांचा काही भाग स्वतःकडे जपून ठेवा, सगळं एकदम पाठवू नका.