चार दिवसांत लंडन: या चुका टाळा

लंडनच्या छोट्या सहलीतला बहुतेक घोळ निघण्याआधीच झालेला असतो. ठिकाणांची यादी तयार असते, पण कोणत्या वारी काय बंद असतं हे कुणी पाहिलेलं नसतं. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स ही चालती चर्च आहेत. रविवारी तिथे प्रार्थनेला बसता येतं, पर्यटक म्हणून हिंडता येत नाही. विंडसरचा किल्ला मंगळवार-बुधवारी बंद, बरो मार्केट सोमवारी बंद. बकिंगहॅम पॅलेससमोरची पहारेबदली सहसा सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी ११ वाजता असते, आणि जोराचा पाऊस असला तर रद्द होते. म्हणून आधी वार लिहा, मग त्यांच्यासमोर ठिकाणं.

दुसरी चूक नकाशाची. सकाळी टॉवर ऑफ लंडन, दुपारी केन्सिंग्टन, संध्याकाळी पुन्हा टॉवर ब्रिजचे दिवे असा दिवस आखला की निम्मा वेळ जमिनीखाली जातो. एका दिवसाला शहराचा एकच भाग द्या. शुक्रवार ते सोमवार असा दौरा असेल तर ही मांडणी चांगली बसते. शुक्रवारी सकाळी ॲबी उघडतानाच आत जा, मग पार्लमेंट, सेंट जेम्स पार्क, आणि संध्याकाळी ब्रिटिश म्युझियम, कारण शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. शनिवारी टॉवर ऑफ लंडन, तिथून टॉवर ब्रिज ओलांडून नदीकाठाने चालत बरो मार्केट. रविवारी पहारेबदली आणि साउथ केन्सिंग्टनची संग्रहालयं. सोमवार ग्रीनिचला.

टॉवरमध्ये दार उघडताच थेट राजरत्नांकडे चालू लागा. कोहिनूर तिथेच आहे, १९३७च्या मुकुटात. इतर इमारती पाहत तिथे दुपारी पोहोचणाऱ्यांना सगळ्यात लांब रांग मिळते. आणि टॉवर ब्रिज पाहायचा म्हणून लंडन ब्रिज स्टेशनला उतरू नका. लंडन ब्रिज हा १९७३चा साधा काँक्रीटचा पूल आहे. मनोऱ्यांचा पूल पूर्वेला पुढचा, त्याचं स्टेशन टॉवर हिल.

कार्ड, फाटक आणि दुप्पट भाडं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कागदी तिकीट काढू नका, ते महाग पडतं. काँटॅक्टलेस कार्ड किंवा मोबाइल फाटकावर टेकवा, उतरताना पुन्हा टेकवा. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती आपोआप लागू होते. मात्र कार्ड आणि त्याच कार्डाला जोडलेला मोबाइल ही यंत्रणेच्या लेखी दोन वेगळी खाती आहेत. आत जाताना मोबाइल आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलं, तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर दंडासारखं जादा भाडं कापलं जातं. बाहेर पडताना टेकवायचं विसरलात तरी तेच. माणशी एक कार्ड लागतं. नवरा-बायकोला एकाच कार्डावर जाता येत नाही.

बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. रोख पैसे बसमध्ये २०१४पासून घेतलेच जात नाहीत. पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि काँटॅक्टलेस ही दोन्ही बटणं सुरू आहेत का पाहा. अनेक कार्डांवर ती बंदच असतात आणि हे कळतं ते हीथ्रोच्या फाटकावर, मागे रांग असताना.

११ वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, आणि बसमध्ये मोफत जातात. ११ ते १५ वयाच्या मुलाला काँटॅक्टलेसवर पूर्ण भाडं पडतं. त्याच्यासाठी ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवास-कार्ड, घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर यंग व्हिजिटर सवलत चढवायला सांगा. १४ दिवस अर्धं भाडं लागतं.

आई-वडील सोबत असतील तर ट्यूबचा नकाशा चाकाच्या खुर्चीचं चिन्ह शोधत वाचा. निम्म्याहून जास्त स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट नाही. कॉव्हेंट गार्डनची लिफ्ट बंद पडली तर १९३ पायऱ्या समोर येतात. तिथे लेस्टर स्क्वेअरहून चालतच जा, जेमतेम पाच मिनिटं लागतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बस कधीही बरी. हॉटेल घेतानाही लिफ्ट आहे का हे विचारून घ्या. पॅडिंग्टन-अर्ल्स कोर्टच्या जुन्या घरांतल्या स्वस्त हॉटेलांत बऱ्याचदा ती नसते.

बाकीचं थोडक्यात

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा इथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. खात्यात अचानक मोठी रक्कम भरून स्टेटमेंट फुगवू नका. तिचा उगम दाखवता आला नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

नातेवाइकांनी दिलेले जुने कागदी पौंड दुकानात चालणार नाहीत. २० आणि ५०च्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२नंतर चलनात नाहीत. खरेदीवरचा व्हॅट विमानतळावर परत मिळेल या भरवशावर महाग वस्तू घेऊ नका, ती सोय २०२१पासून बंद आहे. कार्डाच्या यंत्रावर 'रुपये की पौंड' विचारलं तर पौंडच निवडा. रेस्टॉरंटच्या बिलात सेवाशुल्क धरलेलं असेल तर वेगळी टिप लागत नाही.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, बागा आणि नदीकाठ सकाळी उरका. २५ डिसेंबरला तर ट्यूब आणि बस दोन्ही बंद असतात.

मराठी माणसाची एक हुरहूर इथे नोंदवायला हवी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वाघनखं पाहायला अनेकजण मुद्दाम जातात. ती २०२४मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली आहेत, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा. टिपू सुलतानाचा लाकडी यांत्रिक वाघ मात्र याच संग्रहालयाकडे आहे. शेवटच्या दिवशी दोन तास हाती असतील तर नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरा. तिथून थोड्याच अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२मध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर इथे राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा आधी पाहून जा, आणि परतताना प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर चढा. अख्खं लंडन तिथून फुकट दिसतं.