विरलेल्या चादरीला दांड घालण्याची युद्धकाळातली रीत

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. मोठ्या माणसाला वर्षाला ६६ कुपनं. त्याच डिसेंबरात २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना युद्धसेवा सक्तीची झाली. ‘जुनंच दुरुस्त करून वापरा’ ही सरकारी मोहीमही बायकांनाच उद्देशून. म्हणजे दिवसा कारखाना आणि रात्री सुई. त्या काळी घरोघर झालेली एक दुरुस्ती म्हणजे चादरीच्या कडा मध्ये आणणं. आपल्याकडे लुगड्याला दांड घालत, म्हणजे विरलेला भाग काढून धड तुकडे शिवणीनं जोडत, तीच ही जात.

चादर उजेडासमोर धरा. मधल्या पट्ट्यात सूत विरळ दिसू लागलं की हीच वेळ. भोक पडेपर्यंत थांबलात तर विरलेला भाग रुंदावतो आणि हाती फारसं कापड उरत नाही.

आधी धुऊन इस्त्री करा. मधोमध एक उभा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कात्रीनं कापा. टरकावू नका, विरलेलं कापड भलतीकडेच फाटतं. आता दोन्ही भागांची जागा बदला: डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. इथेच हमखास चूक होते. एखादा भाग नुसता फिरवला तर उशाकडची रुंद दुमड पायाकडे जाते आणि टोकं जुळत नाहीत.

मध्ये आलेले दोन काठ अर्धा इंच एकमेकांवर ठेवून टाचा. दोन्ही कडांना एकेक टीप मारा. मशीन नसेल तर बारीक धावदोरा, अधूनमधून उलटा टाका. काठ घट्ट विणीचा असतो, दोरा ओढून शिवलात तर चुण्या पडतात. जाड शिवण नकोच, ती पाठीला टोचते. (दोघांच्या पलंगावर ती मध्ये जाते, एकट्याच्या मात्र बरोबर कण्याखाली.)

बाहेर गेलेल्या विरलेल्या कडांचे दोन-दोन इंच कापून टाका आणि अर्ध्या इंचाची दुहेरी दुमड घाला. ७२ इंची पन्हा साडेपासष्टवर येतो, त्यामुळे गादीखाली खोचायला कमी पडेल.

कडाही विरल्या असतील तर दांडाच्या नादी लागू नका. धड तुकड्यांचे अभ्रे करा, उरलेल्याची फडकी.