पीएचडीच्या मुलाखतीआधी: खानदेशातून इकडे अमेरिकेत येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबरपर्यंत जातात आणि मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात. म्हणजे नेमक्या आपल्याकडे भरताच्या पार्ट्या आणि लगीनसराई जोरात असते तेव्हा. इंजिनीअरिंगवाल्यांची रीत वेगळी. तिथे बऱ्याचदा एखादा प्राध्यापकच मेल करतो, 'अर्धा तास बोलू या' म्हणतो. भो, ती मुलाखतच असते, तयारी करूनच बसा. एम.एस.ला बहुतेक ठिकाणी मुलाखत नसतेच, तेव्हा त्यांनी उगाच झोप उडवून घेऊ नये.

आधी प्रॅक्टिकलची व्हायवा डोक्यातून काढा. बाहेरचे परीक्षक व्याख्या विचारणार, आपण हात मागे बांधून पाठ केलेली म्हणून दाखवणार, ही सवय इकडे घात करते. समोरच्याने तुमचा अर्ज वाचलेला असतो. या पोरीबरोबर पाच-सहा वर्षं काम करता येईल का, एवढंच त्याला बघायचं असतं.

समजा, तुमचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट केळीवरच्या हरण्यावर होता, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसवर. 'रावेर तालुक्यातून नमुने आणले, आरटी-पीसीआर (विषाणू ओळखायची चाचणी) केली, विषाणू सापडला' असं सांगून गप्प बसलात तर हाती काही लागणार नाही. खरे प्रश्न पुढे येतात. पानावरचे पिवळे पट्टे विषाणूमुळेच आले, अन्नद्रव्याच्या कमतरतेमुळे नाही, हे कशावरून? निरोगी झाडाचा नमुना सोबत चालवला होता का? बँड, म्हणजे चाचणीत विषाणू दाखवणारी रेघ, आलाच नसता तर नमुन्यात विषाणू नाही की नमुन्यातून आरएनए (विषाणूचा जनुकीय पदार्थ) काढतानाच गडबड झाली, हे कसं शोधलं असतं? हा रोग मावा ही कीड पसरवते, मग बागेलगतचे काकडी-भोपळ्याचे वेल काढल्याने फरक पडतो का, हे कसं तपासाल? या शेवटच्या प्रश्नावर तुमचे काका तासभर बोलतील. त्यांचं निरीक्षण बेधडक सांगा, पण लगेच प्रयोगही मांडून दाखवा: किती बागांत वेल काढायचे, किती बागांत ठेवायचे, मोजायचं काय आणि कधी. मुलाखतीतला सगळा जीव अशा दोन-तीन मिनिटांत असतो.

मशीन सीनियरने चालवलं असेल तर तसंच सांगा. श्रेय ओढून घेतलेलं दुसऱ्याच उपप्रश्नाला उघडं पडतं. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण असा विचार करीन' म्हणून मोठ्याने विचार करा. इकडे त्याचे गुण कापत नाहीत.

इंग्रजीचा बाऊ आपली पोरं फार करतात. उच्चारांना कोणी हसत नाही, वेग मात्र मारतो. आपला प्रोजेक्ट आधी घरच्या बोलीत धाकट्या भावाला समजावा. त्याला कळला की मग इंग्रजीत. आणि दर वाक्याला 'सर, सर' नको; प्रोफेसर आणि आडनाव पुरे.

वेळ मात्र दोनदा तपासा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास, कॅलिफोर्निया साडेतेरा. इकडचे सकाळचे 10 म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ किंवा साडेअकरा. कॅलिफोर्नियाची दुपारची वेळ मिळाली तर आपली तारीखच बदलते. शिवाय इकडे महिना आधी लिहितात, 02/03 म्हणजे 3 फेब्रुवारी. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि गल्लीत हळद असेल तर सरळ मित्राच्या खोलीवर जाऊन बसा.

जे आधीच इकडे आहेत त्यांना कधी कधी विद्यापीठ दोन दिवस बोलावतं, तिकीट-हॉटेलचा खर्चही बहुधा तेच करतात. संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबर जेवण असतं. दारू नको असेल तर 'नको' एवढं पुरतं, कारणं देत बसू नका. खरी माहिती तिथेच मिळते: स्टायपेंडमध्ये भाडं निघतं का, गाइड बदलता येतो का, पोरं किती वर्षांत बाहेर पडतात. हे प्राध्यापकांना विचारायला जड जातं, विद्यार्थी मोकळेपणाने सांगतात.

ऑफर आली की घरून 'लवकर हो म्हण' असा तगादा सुरू होईल. बऱ्याच विद्यापीठांनी स्टायपेंडसह दिलेल्या ऑफरला उत्तर देण्यासाठी 15 एप्रिलपर्यंतची मुदत मान्य केलेली आहे. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का ते पाहा, आणि असेल तर बाकीच्यांचे निकाल येऊ द्या.